हातात देऊ नका

३ ऑगस्ट १९५२, घनसावंगी

आज इंजिन धडधडलं! पुंजाराम मिस्त्री जालन्याहून आल्यापासून त्याच्याशी झुंजत होता. इंजिन जुनं, एका जिनिंगमधून निघालेलं. पहिल्या धक्क्याला त्याने माझ्या तोंडावर असा धूर सोडला की माझी बायको विमल दारातून हसतच सुटली. मला राग आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी चालू केलं आहे.

निजामाबरोबर ऑफिसातली उर्दू गेली आणि उर्दूत फायली लिहिणारा मी, मार्तंड कारकूनही गेलो. मेहुणा औरंगाबादेहून दर पत्रात लिहितो, इकडे या, आमच्याकडे राहा, काहीतरी बघू. त्या 'काहीतरी'ची मला धास्ती आहे. मेहुण्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्याच्या ताटातलं जेवायचं, त्यापेक्षा पिठाची गिरणी बरी. काकासाहेबांनी बाजाराच्या तोंडाशी असलेली आपली खोली भाड्याने दिली. गावात दुसरी गिरणी नाही. जवळची म्हणजे तीर्थपुरीची.

पहिल्याच दिवशी बायकांची रांग लागली. मी ठरवून टाकलं आहे, इथे सगळ्यांची एकच रांग. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली गोजरबाई लांब उभी राहिली होती. मी म्हटलं, "पुढे या, गोजरबाई," आणि तिची पाटी सरळ तिच्या हातातून घेतली. ती बघतच राहिली. पुढे उभ्या असलेल्या सोनूबाईनेही भुवया चढवल्या, पण ज्वारी काही परत नेली नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

हात मात्र कोपरापर्यंत काळे. पुंजाराम म्हणाला, "हात काळे हायेत म्हंजे इंजन बराबर चालून राह्यलंय असं समजा. घासलेटनं पुसा, मंग राखेनं घासा. बिलकुल जात न्हाई, पर कमी व्हतं."

९ ऑगस्ट

आज जे झालं ते कुणी पाहिलं नाही, हे नशीब.

या इंजिनाचा पट्टा घसरतो. तो पुन्हा चढवायचा, बेअरिंगला वंगण द्यायचं आणि लगेच पिठात हात घालून जाड पडतंय की बारीक ते बोटांनी पाहायचं, हे सगळं एकट्याने. रखमाजी पाटलांच्या घरचे गहू दळत होतो. सणाचे, पांढरेशुभ्र. पीठ पाहिलं आणि हात काढला, तर मधोमध माझा अंगठा उमटलेला. काळा, रेघांसकट.

जन्मभर मी कागदांवर दुसऱ्यांचे अंगठे घेतले. शाई लावा, इथे दाबा, पुसून टाका. आज माझाच अंगठा पिठावर उमटला. तेवढं मूठभर पीठ उचललं आणि मागच्या दाराने टाकून दिलं. पाटलीणबाईंचं लक्ष नव्हतं.

पण एकदा उमटला तो पुन्हा उमटेल. गिरणीवाल्याच्या हाताची घाण पिठात जाते, एवढं एकदा गावभर झालं की संपलं. मग औरंगाबादची ओसरी.

१२ ऑगस्ट

बंदोबस्त केला. दाराच्या आतल्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण, शेजारी राख आणि साबण. दर गिऱ्हाइकाला हात धुवायचे. आलेलं दळण हातात घ्यायचंच नाही. त्यासाठी दाराजवळ विटांचा ओटा बांधून घेतला. बाईने पाटी ओट्यावर ठेवायची, मी ती स्वच्छ फडक्याने धरून उचलायची. पैसेसुद्धा हातात नकोत, डब्यात टाकायचे.

दिवसभर एकच पालुपद चाललं आहे, "हातात देऊ नका, ओट्यावर ठेवा."

आणि मधल्या वेळात हात पंचाखाली. ऑफिसात टाक धरणारे हात असे दिसताहेत हे लोकांना कशाला दाखवायचं? विमल म्हणाली, "सांगून टाकावं ना सरळ, इंजिनाचं वंगण लागतं म्हणून." मी म्हटलं, दुकानदाराने आपल्या मालाची खोट आपणच सांगायची असते का? तिला व्यवहार कळत नाही.

२० ऑगस्ट, पोळा

हाताचे प्रयोग. चिंच लावून पाहिली, रिठे उकळले, हिंगणबेट ठेचून चोळलं. त्यातल्या त्यात करडईच्या तेलात गव्हाचा कोंडा कालवून घासलं की वंगण सुटतं. विमलनेच शोधून काढलं. तिन्हीसांजेला ती माझे हात मांडीवर घेऊन घासत बसते आणि मी लहान मुलासारखा बोटं पसरून बसतो. रेघांतलं काळं मात्र राहतंच. नखांच्या कडा तर दुखवट्याच्या पत्रासारख्या दिसतात.

घासता घासता ती म्हणाली, "मी गिरणीवर येऊ का? तुम्ही इंजिन बघा, मी पीठ बघते. मग धुवायलाच नको."

मी तिला झिडकारलं. घरची बाई गिरणीवर बसवायची वेळ अजून आलेली नाही. एवढा काही मी बुडालो नाही.

२ सप्टेंबर

रांग कमी झाली आहे. आधी वाटलं पावसामुळे. पण पाऊस उघडूनही चार दिवस झाले.

सोनूबाईची सून डोक्यावर पाटी घेऊन तीर्थपुरीच्या वाटेने जाताना दिसली. माझ्या दारावरून गेली! मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मी काय हिचं घोडं मारलं? परवा तिचं दळण देताना मी हात घासघासून धुतले होते, तिच्या डोळ्यांसमोर.

पिठाला घासलेटचा वास येत असावा, दुसरं काय? घरी पीठ आणून दहा वेळा हुंगलं. मला तर वास आला. विमल म्हणते, तुमच्या नाकातच बसलाय तो.

७ सप्टेंबर

पहाटे जाग आली आणि जाती ऐकू आली.

गिरणी चालू झाली तेव्हा ही घरघर थांबली होती. माझ्यामुळे थांबली म्हणून मी अंथरुणात पडल्या पडल्या खूश व्हायचो. आता पुन्हा सुरू झाली आहेत. आधी पाटलांच्या अंगाने एक, मग बाजाराकडून, आणि वस्तीकडून तर दोन-तीन. बायका कंबर मोडून घरी दळताहेत, पण माझ्याकडे येत नाहीत. इतकी किळस? मी उशी कानावर दाबून पडलो.

९ सप्टेंबर

ठरवलं, आता लोकांची पुरती खात्री पटवायची. रांजण आतल्या कोपऱ्यातून उचलून अगदी दारात, रांगेच्या समोर आणून ठेवला. पाटी उचलली की धुतो, दळण दिलं की धुतो, पैसे डब्यात पडले की पुन्हा धुतो. ज्याला बघायचं त्याने बघावं.

गोजरबाई आली होती. पीठ बांधून घेताना बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आमचं झालं की लगीच धुता व्हय, मालक?"

कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून मला बरं वाटलं. म्हटलं, "तर! लगेच! एक क्षणसुद्धा राहू देत नाही."

तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गेली. निदान तिची तरी खात्री पटली असेल.

१७ सप्टेंबर

गोजरबाई परत आलेली नाही. वस्तीतलं कुणीच येत नाही.

आज काकासाहेब आले. ओट्यावर बसले, काठी मांडीवर घेतली. "मार्तंडराव, इंजन बंद दिसून राह्यलंय."

"गिऱ्हाईक नाही."

"कापसाचे येपारी खोली मागून राह्यले. मी म्हणलं दिवाळीपस्तोर थांबा. दिवाळीला जर रांग न्हाई दिसली तर मोकळी करा. मला बी घर हाये." मग जरा घुटमळले. "लोक काय म्हणतेत, ठाव हाये का तुमाला?"

मी म्हटलं, "काय म्हणतात?"

"म्हणतेत, मालकाचं धुणं लई चालतं." असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचं मीच समजून घ्यावं.

मी समजून घेतलं. एवढं धुऊनही हात स्वच्छ निघत नाहीत, हेच ते मला तोंडावर सांगत होते. म्हातारा माणूस, स्पष्ट कसं बोलणार? शरमेने मला मान वर करता येईना. हात पंचाखाली आणखी आत ओढले.

संध्याकाळी मेहुण्याचं पत्र आलं. मागची खोली रिकामी केली आहे म्हणतो.

२८ सप्टेंबर, दसरा

इंजिनाला झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहिलं. दोन्ही हात जोडले तेव्हा दिसले ते तळवे, भेगाभेगांतून काळे. देवापुढेसुद्धा असेच न्यायचे.

दिवसभर एकही पाटी आली नाही. सणाच्या पुरणपोळ्यांचं पीठ सगळ्या गावाने कुठून आणलं कुणास ठाऊक. सोनं द्यायला लोक आले, आपट्याची पानं ओट्यावर ठेवून गेले. हातात कुणीच दिली नाहीत. माझे हात आता सणाला शिवायच्यासुद्धा लायकीचे राहिले नाहीत.

रडू आलं. आलं ते आलं, लिहून ठेवतो.

साबण करणाऱ्याकडून कॉस्टिक सोडा आणला आहे. तो नको म्हणत होता. या सोड्याने लोखंडावरचंही वंगण उतरतं म्हणे. उद्या हे हात पांढरे करून सोडीन, मग कातडं राहो न राहो.

२ ऑक्टोबर

(हे विमल लिहिते आहे. ते सांगताहेत.)

दोन्ही हात भाजले. पाण्यात कॉस्टिक कालवून हात बुडवले. आधी गुळगुळीत लागलं, मग आग झाली. कातडं निघालं. वैद्यांनी लोणी लावून फडकी बांधली आहेत. इंजिनाचं हँडल मारता येत नाही, घास उचलता येत नाही. इंजिन बंद. दिवाळीला पंधरवडा आहे. मेहुण्याला लिहून टाक, येतो म्हणावं.

(एवढं त्यांनी सांगितलं. यापुढचं माझं आहे, ते त्यांना वाचून दाखवणार नाही. मी दादाला पत्र लिहिलेलं नाही. ज्या हातांसाठी मी रोज तेल आणि कोंडा घेऊन बसले, ते मला काळेच बरे वाटत होते. दिवसभर काम केलेल्या माणसाचे असतात तसे होते. त्यांना सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. मला कधीकधी वाटतं, या माणसाला गिरणी चालवायचीच नव्हती, फक्त हात स्वच्छ ठेवून दाखवायचे होते.)

११ ऑक्टोबर

दोन बोटांत टाक धरून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येईल. पण हे विमलला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

सकाळी गिरणीवर जाऊन नुसताच बसलो होतो. विमल डबा घेऊन आली होती. आणि दारात गोजरबाई. डोक्यावर बाजरीची पाटी, एक खांदा कललेला.

म्हणाली, "सून बाळंतीन हाये. माझा खांदा धरलाय, जातं वढत न्हाई. तीर्थपुरीपस्तोर जायाला पाय न्हाई राह्यले, म्हून आले. न्हाईतर आले नसते."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "हातात देऊ नका, ओट्यावर ठेवा."

तिने पाटी दाणकन ओट्यावर आदळली. "ठाव हाये, मालक! वट्यावर ठिवायचं, पैसा डब्यात टाकायचा, मंग तुमी आमच्यासमोर हात धुनार. आज तर हाताला फडकीच बांधून बसलात. आमचं वारं बी लागू नये म्हून का?"

मला कळेना ही काय बोलते आहे. खरंच कळेना.

"पयल्या दिशी तुमी माझ्या हातातून पाटी घेतली. मी साऱ्या वस्तीत सांगत सुटले, बामन हाये पर हातातून घेतो म्हनून. धा दिस न्हाई झाले तर वटा आला. मंग डबा आला. मंग रांजन दारात आला. लोक हसले माझ्यावर. आन आमचं तर सोडा, सोनूबाईच्या घरचे बी तेच म्हणतेत. आमचा बी इटाळ धरतो, आमचं दानं घेतलं की हात धुतो म्हणतेत. एवढं सोवळं व्हतं तर गिरनी कशाला काढली?"

बाजूला विमल उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. मी ओरडलो, "अहो, वंगण! वंगण धूत होतो मी!"

"कुठलं वंगन? तुमचे हात कवा दिसलेत आमाला?"

हे मात्र खरं होतं. ते दिसू नयेत म्हणूनच तर एवढा खटाटोप.

विमल पुढे आली आणि तिने माझ्या उजव्या हाताचं फडकं सोडलं. गोजरबाई वाकून बघू लागली. सोललेलं लाल मांस, आणि त्यातही नखांच्या कडेला, भेगांमध्ये ते काळं तसंच. तिचा राग कुठल्या कुठे गेला. "आगं बाई," एवढंच म्हणाली. मग विमलला म्हणाली, "कशानं गं हे?"

"धुऊन धुऊन."

गोजरबाई खाली बसली. दारात रांजण होता, ओटा होता, डबा होता. पहिल्यांदा मी ते तिच्या बाजूने पाहिले आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी.

शेवटी तीच उठली. "बाजरी दळायची का न्हाई? बाळंतीन उपाशी हाये."

मी म्हटलं, हँडल कोण मारणार?

"दावा कुठं धरायचं."

विमलने पदर खोचला. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघी हँडलला लागल्या, एकीचा एक खांदा निकामी, दुसरीने जन्मात इंजिनाला हात लावलेला नाही. चाकाने वेग घेतल्यावर मी कोपराने खटका पाडला. दोनदा फुसकलं. तिसऱ्यांदा धडधडलं. पट्टा घसरला तो गोजरबाईनेच काठीने चढवला, मी ओरडून सांगत होतो तसा.

पीठ पडायला लागलं तशी तिने त्यात हात घातला. हँडलच्या वंगणाने चार काळी बोटं उमटली. मी डोळे मिटून घेतले. तर ती हसायला लागली. "एवढ्यासाठी व्हय, मालक? आवो, तव्यावर भाकर तरी कुठं गोरी ऱ्हाती!"

जाताना विमलने रांजण उचलून आत नेला.

१४ ऑक्टोबर

काल तीन पाट्या आल्या. आज सकाळी पाच. वस्तीतल्या चार, आणि सोनूबाई. ती मुकाट्याने पाटी घेऊन आली आणि विमलच्या हातात दिली. तीर्थपुरीची गिरणी जाड दळते म्हणाली, तेवढीच काय ती कबुली. विमल पीठ बघते, मी बाजूला बसून इंजिनाचं सांगतो. हँडल मारायला रांगेतलीच कुणीतरी येते. काकासाहेब दारावरून गेले, रांगेकडे पाहिलं, म्हणाले, "दिवाळीचं दिवाळीला बघू." पाच पाट्यांनी गिरणी चालत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. पहाटे जाती अजून ऐकू येतात. वस्तीकडून मात्र नाहीत.

पण आज लिहायचं ते वेगळंच आहे.

दुपारी गोजरबाई आली. फडक्यात भाकरी, वर लसणाची चटणी. त्याच बाजरीची. रांगेतल्या सगळ्या बायका बघत होत्या, सोनूबाईसुद्धा. गोजरबाई माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "वट्यावर ठिवू का हातात देऊ?"

मी म्हटलं, "हातात द्या." आणि हात पुढे केला.

केला खरा. पण निघताना तो अडला. फार नाही, पापणी लवेल एवढाच. फडकी बांधलेली होती म्हणून नाही, आग होत होती म्हणूनही नाही. भाकरी कुणाची आहे हे माझ्या आधी माझ्या हाताला आठवलं. त्या दिवशी मी 'वंगण, वंगण' म्हणून ओरडलो, ते खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं, आणि हे मला आज भर रांगेसमोर कळलं. पाटी घेताना हात कधी अडला नव्हता. दाणे कच्चे होते. भाकरी शिजलेली होती.

गोजरबाईने ते पाहिलं. तिने पाहिलं याबद्दल मला शंका नाही. बाकीच्यांना दिसायच्या आत ती मोठ्याने म्हणाली, "सावकाश धरा, मालक. गरम हाये. हात भाजलेलेच हायेत तुमचे."

मी भाकरी घेतली आणि तिथेच, सगळ्यांसमोर खाल्ली. हात धुतले नाहीत, आधीही नाही आणि नंतरही नाही.

भाकरी गरम नव्हती. वस्तीपासून गिरणीपर्यंत येईतो ती पार गार झाली होती.